थोरल्यांचं नाव

क्लोंग साईत त्यांचं नाव कुणी घेत नाही. गाव थायलंडातल्या चंथबुरीच्या डोंगराला टेकलेलं, घराघराला दुरियान या काटेरी, उग्र वासाच्या फळाची बाग, आणि बागेचं कुंपण संपलं की लगेच जंगल सुरू. त्या जंगलातून सोंड हलवत, सुपाएवढे कान फडकवत जे येतात, बागा तुडवतात आणि कधीमधी माणूसही तुडवतात, त्यांना इथे 'थोरले' म्हणायचं. आपल्याकडे तिन्हीसांजेला साप दिसला तरी नुसतं 'जनावर' म्हणतात ना, तसंच. खरं नाव काढलं की ते दत्त म्हणून उभे राहतात, असा गावाचा अनुभव. ज्यांना तो आला त्यांतले सांगायला फारसे उरले नाहीत, पण गावाला तेवढा पुरावा पुरतो. मोबाईलवर गावाचा गट आहे, त्यावरसुद्धा 'थोरले पुलाशी आलेत, पोरं आत घ्या' इतकंच लिहितात.

म्हणून त्या शनिवारी देवळाच्या मंडपात पाकिन मास्तरांनी प्राण्यांची चित्रं बाहेर काढली तेव्हा मोठी पंचाईत झाली.

पाकिन मास्तर म्हणजे मिसरूड नुकतं फुटलेला शहरातला पोरगा. प्रौढांना इंग्रजी शिकवायला त्याला तालुक्याने पाठवलेलं. समोर सगळी पिकली पानं, मांडी घालून बसलेली. कुत्रा दाखवला, सगळे ओरडले, "डॉग!" मांजर दाखवलं, "कॅट!" कोंबडीला तर टाळ्या पडल्या. मग त्याने पुढचं चित्र वर धरलं आणि मंडपात फक्त पंख्याचा आवाज उरला.

"अहो, असं काय करता?" मास्तर हसले. "देवळाच्या भिंतीवर आहे, सावाटकाकांच्या शर्टावर आहे, आणि यावर अडलात? म्हणा माझ्या मागून." आणि त्यांनी तो इंग्रजी शब्द खणखणीत आवाजात उच्चारला.

सावाटकाका गावाच्या पहारा पथकाचे म्होरके. थोरल्यांच्या मागावर राहून त्यांचे केस पांढरे झालेले. ते उठले, चपला घातल्या आणि शर्टावरचं चित्र हाताने झाकत निघून गेले.

"मास्तर, पुढचं काढा," पहिल्या रांगेतून क्लिनमावशी म्हणाली.

"पण मावशी, सोपा शब्द आहे..."

"सोपाच आहे. म्हणून तर. पुढचं काढा म्हणते ना, माकड असेल तर बघा."

माकड होतं. "मंकी!" सगळा मंडप एवढ्या जोराने ओरडला की देवळातलं कुत्रं उठून पळालं.

क्लिनमावशीचं खरं नाव सोनक्लिन. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, शाळा चौथीपर्यंत, आणि नवरा गेल्यापासून सगळी बाग एकटीच्या अंगावर. तिने इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं तेव्हा बाजारात बायका म्हणाल्या, "मावशी शिंगं मोडून वासरांत शिरली." मावशी म्हणाली, "शिरले तर शिरले. माझं वासरू तिकडे आहे." वासरू म्हणजे निन, तिची नात. लेक अरुनी न्यूझीलंडच्या माणसाशी लग्न करून तिकडे गेली; तिची सहा वर्षांची पोर, आणि पोरीला थाई भाषेतला 'याय' हा एकच शब्द येतो. याय म्हणजे आईची आई. तेवढं बोलून झालं की दोघी फोनमधून एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. हसू ओसरलं की अरुनी फोन घ्यायची आणि मावशीला वाटायचं, आपली नात आपल्यापासून तोडून कुणीतरी काचेच्या बरणीत ठेवली आहे. फळं पिकली की मे महिन्यात पोर येणार होती. तोवर तिच्याशी चार शब्द बोलता आले पाहिजेत, एवढाच मावशीचा हट्ट.

वर्गात घेतलेले शब्द घरी येईपर्यंत वाटेतच सांडायचे. मग तिने कागदाचे तुकडे करून सगळ्या घराला डकवले. रांजणाला वॉटर, भाताच्या भांड्याला राइस, दाराला डोअर. मांजरालाही डकवायला गेली, मांजराने ओरबाडलं. अंगणातल्या वास्तुदेवाच्या चिमुकल्या देवळाला मात्र तिने काही लावलं नाही. तिथे रोज ठेवायच्या सरबताच्या बाटलीकडे बघून नुसतं 'रेड' म्हणायची, तेही हात जोडून.

आणि थोरल्यांचं नाव का घ्यायचं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा उथाय मित्रांबरोबर दुपारचा पीत बसला होता. चढल्यावर तो कुंपणाकडे तोंड करून थोरल्यांच्या खऱ्या नावाने हाका मारू लागला, "ये, ये, दुरियान खायला ये की!" मित्र हसले. मावशीने त्याच्या तोंडावर हात ठेवला तर त्याने तो झटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उथाय बागेतल्या तळ्याकाठी तुडवलेला सापडला. बघायला सावाटकाकांनी तिला जवळ जाऊ दिलं नाही. एका बाजूचा सुळा तुटलेले थोरले होते ते, पायांच्या ठशांवरून सगळ्या गावाने ओळखलं. शिकलेली माणसं म्हणतात, ही बोलाफुलाला गाठ. म्हणोत. त्यांचा नवरा तळ्याकाठी सापडला नव्हता.

फोनवर हळूहळू खेळ जमला. मावशीने म्हणायचं 'सिट', निनने बसायचं. 'जंप' म्हणायचं, निनने पलंगावर उड्या मारायच्या. असे काही दिवस गेले आणि एकदा मावशीने 'कम' म्हटल्यावर निन उलटी फिरून पळाली. पडद्यावर नुसती रिकामी खुर्ची. मावशी इतकी हसली की कवळी सांभाळायची वेळ आली. झालं, त्या दिवसापासून खेळ उलटा. स्टॉप म्हटलं की पोर धावायची, गो म्हटलं की बसायची, आणि नो म्हटलं की मान डोलावून येस, येस, येस. मास्तरांनी शिकवलेला एकेक शब्द त्या खेळात गेला. एक सोडून.

निनकडे एक करड्या रंगाचं कापडी खेळणं होतं, लांब सोंडेचं. ते पडद्याला चिकटवून ती म्हणायची, "याय, से! याय, से!" मावशी ओठांवर बोट ठेवायची. डोळ्यांतलं हसू जायचं. तेवढ्यापुरती निनही हसायची थांबायची.

मे महिन्यात त्या दोघी आल्या. जावई कामामुळे तिकडेच राहिला. मावशीने चमुआंगच्या आंबट पानांतलं डुकराचं मटण केलं होतं, नारळाच्या दुधात दुरियान आणि चिकट भात केला होता. निनने दुरियान हुंगून नाक दाबलं आणि भात तेवढा चाटूनपुसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खेळणं काखेत मारून बागेत उतरली आणि झाडाझाडाखाली जाऊन ते नाव घेऊ लागली. कधी गाण्यात, कधी हाक मारल्यासारखं. तिला तो प्राणी बघायचाच होता. आईने विमानात कबूल केलं होतं.

मावशीने लेकीचा दंड धरला. "अरुनी, तिला गप कर."

"आई, अगं इंग्रजीत म्हणतेय ती."

"कळतंय मला. मी वर्गात जाते."

"मग? त्यांना काय इंग्रजी येतं?" अरुनी हसली, पण कुंपणाकडे बघून. "आणि नावाने येतात का कुणी? जनावर आहे ते, आई. वास आला की येतं."

संध्याकाळी सावाटकाका फाटकाशी आले. आत येईनात. "क्लिन, तुझ्या नातीचा आवाज पार पुलापर्यंत येतो."

"लहान आहे हो दादा."

"लहानच आहे. उथाय चांगला मोठा होता." मग आपण जास्त बोललो असं वाटून ते घुटमळले. "हे बघ, मी पहाऱ्यावर जन्म काढला. त्यांना थाई कळते असं मला कधीच वाटलं नाही. त्यांना हाक कळते. कुणीतरी आपल्याला बोलावतंय, एवढं कळतं. तुटक्या सुळ्याचे परत आलेत, चार दिवस झाले, पण कुणाच्या बागेत शिरले नाहीत. कुठं आहेत ते आम्हालाही कळेना. पोरीला आवर."

मावशीने आवरून बघितलं. निनसमोर बसून ओठांवर बोट ठेवलं. पोरीने मान डोलावली, आणि अर्ध्या तासाने केळीच्या बनातून पुन्हा तेच नाव ऐकू आलं. लहान पोर ती, तिला कितीसं भान राहणार! मावशी तिच्या मागे मागे फिरू लागली. तेव्हा तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. एरवी वाऱ्याने पडलेलं पान दिसलं तरी भुंकणारं शेजारचं कुत्रं ओट्याखाली शिरून बसलं होतं. तळ्यापलीकडच्या बांबूत एक वाट पडली होती, रुंद. वाटेवर शेण होतं आणि त्यातून वाफ निघत होती. वाटेलगत फणस लागला होता, पिकून घमघमत होता. त्याला कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

हे बघून तिला जास्त भीती वाटली. फणस खाल्ला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अरुनी औषधं आणायला शहरात गेली. ऊन कलायला लागलं होतं. मावशी तळ्याच्या अलीकडे पाण्याच्या पंपाशी वाकून नळी जोडत होती. निन पायाशीच खेळत होती, असं तिला वाटत होतं. वर बघितलं तर पोर तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठावर पोचलेली, उकिडवी बसून खेळण्याला पाणी पाजत होती. आणि तिच्या मागे, बांबूच्या तोंडाशी, तुटक्या सुळ्याचे थोरले उभे होते.

एवढा मोठा देह, पण पान हललं नव्हतं. निनची पाठ त्यांच्याकडे होती. दोघांच्या मध्ये एक बैलगाडी जेमतेम मावेल एवढं अंतर.

मावशीने नळी अलगद खाली ठेवली. किंचाळावं तर थोरले बिथरतील. थाईत काही सांगावं तर पोरीला कळणार नाही. धावावं तर गुडघे हे असले, आणि मध्ये सगळं तळं. तिच्याकडे होते ते मास्तरांचे शब्द. हेच, याचसाठी तर शिकली होती ती.

"निन," ती म्हणाली. आवाज होता होईल तेवढा साधा ठेवला. "कम."

निनने वर बघितलं, खुदकन हसली, उठून उभी राहिली आणि उलटी फिरायच्या ऐवजी तशीच मागे मागे दोन पावलं सरकली. थोरल्यांच्या दिशेने.

"स्टॉप!"

पोर आणखी मागे गेली. हसू आवरेना तिला. काय छान खेळ, आणि तोही फोनबाहेर, खराखुरा!

मग मावशीला वाटलं, आपणच उलटं सांगावं, म्हणजे पोर थांबेल तरी. "गो," ती म्हणाली. "निन, गो." पण पोरं काय म्हाताऱ्या माणसांपेक्षा कमी लबाड असतात? यायची चलाखी निनने तत्काळ ओळखली, आणि या वेळी सांगितलं तेच केलं. गेली. आता थोरल्यांची सोंड लांबली असती तर तिच्या केसांना लागली असती. सोंड हललीच, टोक वर झालं, हुंगू लागलं.

नो, रन, सिट, डेंजर. एकेक शब्द मावशीच्या डोक्यात आला आणि एकेक शब्द तिला पोरीच्या हसण्यात बुडालेला दिसला. सगळे शब्द तिने स्वतःच खेळून खेळून पोकळ केले होते. एकच उरला होता, कधीच तोंडातून न काढलेला. तळ्याचा तोच काठ. उथाय तिथेच पडला होता. हे सगळं तिला दिसलं, आणि तरी तिने तोंड उघडलं.

"एलिफंट," ती म्हणाली.

ओरडली नाही. स्वच्छ म्हणाली, मास्तरांनी म्हटलं होतं तसं.

निनचं हसू जागच्या जागी थांबलं. यायने ते नाव घेतलं होतं! जे नाव यायने शंभरदा विनवूनही घेतलं नव्हतं, ज्यावर फक्त ओठांवर बोट यायचं, ते नाव. पोरीने मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज तिला वाटली नसावी. आजीचा चेहरा समोर होता.

"कम," मावशी म्हणाली.

आणि निन आली. खेळणं छातीशी धरून, काठाकाठाने, न धावता, डोळे यायच्या डोळ्यांत ठेवून. जवळ आल्यावर मावशीने तिला पाठीशी घेतलं. पोरीने तिच्या फानुंगला घट्ट धरलं, मावशीच्या कमरेचं वस्त्र सुटायला आलं, पण दोघींपैकी कुणीही हललं नाही.

थोरल्यांनी पोरीकडे बघितलं नव्हतं. ते मावशीकडे बघत होते. नाव घेतलं त्या क्षणी त्यांचे कान पसरले होते आणि तसेच राहिले होते. मग त्यांनी सोंड तळ्यावरून तिच्या दिशेने लांब केली, एकदा दीर्घ श्वास आत ओढला, आणि वळून बांबूत गेले. जाताना मात्र बांबू कडाकडा मोडले. आता लपायचं कारण उरलं नव्हतं बहुतेक.

अरुनी परत आली, तिने ऐकलं, तळ्यापलीकडचे ठसे पाहिले. लेकीच्या पायांचे आणि त्यामागचे. 'जनावर आहे ते' म्हणणाऱ्या त्या बाईने त्याच रात्री परतीची तिकिटं बदलून घेतली. निघताना निन यायच्या गळ्यात पडून रडली. मावशीला खूप बोलायचं होतं, पण रडणाऱ्या पोरीला काय म्हणावं हे मास्तरांनी अजून शिकवलं नव्हतं. ती 'राइस, वॉटर, कॅट' म्हणत राहिली, आणि निन हुंदक्यांतून हसली.

सावाटकाका फाटकापर्यंत आले. "नाव घेतलंस?"

"घेतलं."

"कुठल्या भाषेत?"

"तिच्या."

काकांनी बागेपलीकडे बघितलं. परक्या भाषेतलं धरायचं नाही, अशी सूट त्यांना द्यायची होती हे दिसत होतं. "कान?"

"पसरले."

काकांनी फाटकावरचा हात काढून घेतला. "रायोंगला तुझी बहीण आहे. जाऊन राहा चार महिने. मी सोडतो गाडीने."

"आणि ते मला शोधत गावभर फिरले म्हणजे? हाक मी मारली, दादा. घरात कुणी नाही असं कसं सांगू?"

तेव्हापासून थोरले रोज येतात. ऊन कललं की तळ्यापलीकडे उभे. वनखात्याची माणसं आली, फटाके वाजवून गेली. दुसऱ्या दिवशी थोरले पुन्हा तिथेच, एक झाड अलीकडे. बागेत दुरियान पिकून पडतात, फुटतात, वास दरवळतो. ते एकाही फळाला शिवत नाहीत. खायला येतो तो पोट भरलं की जातो. जो खातच नाही त्याला घालवायचं कसं? गावातल्या बायका डबे फाटकाला अडकवून जातात आणि मावशीला लांबूनच हात जोडतात, देवाला जोडावेत तसे किंवा प्रेताला. ती रागावत नाही. तीही त्यांच्या जागी असती तर आत आली नसती.

वर्गाला ती अजून जाते, उजेडी जाते आणि उजेडी येते. नातीचं बोलणं आता तिला बरंचसं कळतं. आता मास्तरही चित्रं दाखवताना एक चित्र गठ्ठ्यातून काढून ठेवतात.

काल निनचा फोन आला. तिकडे रात्र पडलेली, इकडे ऊन कललेलं. निनने मांजर विचारलं, तळं विचारलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "याय, तो गेला?"

मावशीने खिडकीतून बघितलं. थोरले तळ्याच्या अलीकडे आले होते. वास्तुदेवाच्या देवळाशी उभे होते, सरबताच्या लाल बाटलीशेजारी. त्यांचे कान सावकाश हलत होते.

"येस," मावशी म्हणाली. "गो. गॉन."

"मग मी येऊ? ख्रिसमसच्या सुट्टीत? आई हो म्हणालीय!"

"नो," मावशी म्हणाली.

निनचे डोळे चमकले. "नो!" ती टाळ्या वाजवत ओरडली. "नो म्हणजे येस! येस, येस, येस! मी येते, याय, मी येते!"

"नो, निन. नो. नो."

जितकं ती नो म्हणत होती तितकी पोर हसत होती, गिरक्या घेत होती. मागे अरुनीही हसत होती. आजी-नातीचा खेळ पुन्हा जमला म्हणून तिला बरं वाटत होतं.

मावशीने फोन दोन्ही हातांत धरला. खिडकी उघडी होती; लावून घ्यावी असं तिच्या मनात आलं, पण लावून काय उपयोग, तेही तिला ठाऊक होतं. तिने पोरीच्या हसणाऱ्या तोंडाकडे पोटभर बघून घेतलं. मग डोळे खिडकीकडे वळवले आणि ते नाव दुसऱ्यांदा घेतलं.

फोनमधलं हसू थांबलं. बाहेर कान हलायचे थांबले.

"ओके, याय," निन अगदी हळू म्हणाली. "मी नाही येत."

"गुड," मावशी म्हणाली, आणि अंगणातली बाटली फुटल्याचा आवाज पोरीला जाऊ नये म्हणून तिने घाईघाईने फोन बंद केला.